धवलारणीची सुपारी

“ओ ताई, पाय उचला — वायर हाय खाली!”

स्नेहलने वळून पाहिलं. हळदीच्या मांडवात, ऐन बायकांच्या घोळक्यात, बेंजो पार्टीचा एक पोरगा गुडघ्यावर बसून तिच्या पाटाखालून वायर ओढत होता. कपाळावर घाम, आणि डोळे असे मिश्कील... की ती पाय उचलायचंच विसरली.

“वायर तुमची, पाट माझा. विचारून ओढा.”

“तुमी कोण?”

“धवलारीण.”

तो हसला. “एवढी तरणी?”

हसण्यासारखंच होतं म्हणा. लग्नात धवले गाणारी बाई म्हटलं की पिकल्या केसांचीच. पण गावोगाव धवले गाणाऱ्या सकुमावशीचा आवाज बसला आणि खर्डीच्या आसपासच्या हळदी भाचीच्या, म्हणजे स्नेहलच्या, गळ्यात पडल्या. गळा असा, की नवरीची आई पहिल्याच ओळीला डोळ्यांना पदर लावी.

पोरगा, म्हणजे दीपेश, मग तिला मांडवामांडवात भेटत राहिला. एकदा त्याने स्वतःचा माइक तिच्यापुढे सरकवला, तेव्हा बोटाला बोट लागलं... आणि घाई दोघांनाही नव्हती.

“तुमी वाजवता, तर ठरवून सुपारी घेता, रोख पैसे,” ती एकदा म्हणाली. “मी गाते, तर ओटीत नारळ नि खण. का रे?”

“बायकांचा मान असतो ना तो...”

“मानावर मीठमिरची देतात का शहापूरच्या बाजारात?”

त्या दिवसापासून त्याने ‘ताई’ म्हणायचं बंद केलं.

मग शहापूरला देवकीची हळद आली. मी सुपारी घेऊन गाते, असं स्नेहलने देवकीच्या बापाला, वाल्मिककाकांना, आधीच सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी मान डोलावली. मांडवात मात्र नारळ पुढे केला.

“बाईमाणसाला कसली गो सुपारी? ती बेंजोवाल्यांना.”

स्नेहल पाटावरून उठली. आज रुसून गेली असं झालं, तर पुढे कुठलंच गाव बोलावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आवाज मात्र हलला नाही.

“मग हळद पण बेंजोवालेच लावतील, काका.”

काकांनी दीपेशला खूण केली — वाजव! सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागला.

“आमचा नंबर हळदीनंतर,” दीपेश म्हणाला नि हाताची घडी घालून बसला.

धवल्यांशिवाय हळद लागते का कुठे? वाटीभोवतीच्या बायकांनी हात मागे घेतले. शेवटी नवरीच ओरडली, “बाबा, द्या ना तिची सुपारी!” लेकीपुढे काकांचं काय चालणार? त्यांनी मुकाट्याने खिशात हात घातला.

स्नेहल गायली. गळा मोकळा सोडून गायली. आणि ‘भाविकराया’ असं नवरदेवाचं नाव घ्यायच्या जागी तोंडातून गेलं — ‘दीपेशराया’!

मांडवात हशा पिकला. तिने लगेच भाविकच्या नावाने कडवं पुन्हा घेतलं, पण दीपेश कानापर्यंत लाल झाला होता.

हळद उरकल्यावर त्याने तिला मांडवामागे गाठलं. “चुकलीस ना गो?”

“दुसरं कडवं सुपारीचं. नीट गायले.” तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “पहिलं... ते माझ्यासाठी.”

दीपेश जवळ सरकला. “मग — आपल्या हळदीला कोण गाणार?”

“मीच,” स्नेहल म्हणाली. “आणि सुपारी तुज्या बापाकडनं घेणार!”