चार नंबरकडे पाहायचं नाही

मी बसणारच होते, तेवढ्यात बाक बोलला.

"अहो, सांभाळून... इथं माणूस आहे!"

मी दचकून मागे सरले आणि थर्मासमधली कॉफी माझ्याच हातमोज्यावर सांडली. आइस हॉकीच्या रिंकच्या सगळ्यात वरच्या रांगेत, लाकडी बाकावर एकजण आडवा पसरला होता. तोंडावर जाकीट ओढलेलं. जाकिटाखालून आधी लोकरीची टोपी बाहेर आली, मग झोपाळलेले तपकिरी डोळे, मग हनुवटीवरची एक जुनी खूण.

"सबंध रिंक मोकळी पडलीय," तो म्हणाला, "आणि तुम्हाला नेमका हाच बाक हवाय?"

"इथून सगळं नीट दिसतं. चारही कोपरे."

"म्हणूनच मी इथं झोपतो."

"डोळे मिटून दिसतं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही येईपर्यंत पाहण्यासारखं काही नव्हतं ना..."

असं काही ऐकलं, की मी सरळ उठून जागा बदलते. या धंद्यात बाई म्हटल्यावर ती सवय लागतेच. त्या दुपारी मात्र का कोण जाणे, मी बसून राहिले. बाहेर जानेवारीचा बर्फ तिरका पडत होता. लेक सुपीरियरवरून येणारा वारा पत्र्याच्या छपराला हलवून बघत होता. आणि त्याच्या आवाजात चहाटळपणा नव्हता... नुसती गंमत होती.

"कुणाला बघायला आलात?" त्यानं विचारलं.

"रीस ओस्टरमन."

"ओहो! देशभरातून निवडलेल्या पोरांचा संघ. सतरा वर्षांचा आहे ना तो? म्हणजे तुम्ही हेर."

"स्काउट म्हणतात."

"तेच हो. गुपचूप बघायचं आणि वर कळवायचं."

मला हसू आलं. "बरोबरीच्या पोरांत ते सगळेच राजे असतात. कॉलेजची दणकट, वयानं मोठी मुलं अंगावर आली, की मग कोण किती पाण्यात ते कळतं. म्हणून त्यांना असं गावोगावच्या कॉलेजांशी खेळवतात."

"आणि कॉलेजच्या पोरांना कोण बघतं?"

"कुणीच नाही," मी खरं ते सांगून टाकलं. "आता इथला तो चार नंबर घ्या. चोवीस वर्षांचा बचावपटू, पायानं जरा मंद म्हणतात. रीसच्या समोर तोच असणार. म्हणजे कसं... भिंतीवर चेंडू मारायचा आणि कसा परत येतो ते बघायचं. भिंतीकडे कोण बघतं?"

"खरंच की," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. उठला, टोपी सारखी केली. "भिंतीला वाईट वाटत असेल पण."

आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

संध्याकाळी दिवे लागले, इथल्या लॅमॉन्ट कॉलेजचा संघ बर्फावर उतरला, आणि हिरव्या जर्सीतल्या चार नंबरनं शिरस्त्राण जरा वर करून थेट वरच्या रांगेकडे पाहिलं. दोन बोटं कपाळाला लावून मला सलाम ठोकला!

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण खाली धरणी नव्हती, सिमेंट होतं. मी कॉफीच्या कपात तोंड लपवलं.

त्याचं नाव एमेट पेल्की. सामन्याच्या पत्रकावर ते अगदी ठळक छापलेलं होतं. बाकावरच्या माणसाला नाव विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

रीस खरोखरच बघण्यासारखा होता. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, त्याच्या काठीला चिकटल्यासारखा धावायचा. दुसऱ्या सत्रात तो एमेटच्या बाहेरच्या अंगानं असा काही सटकला, की एमेट वळेपर्यंत गोल झालासुद्धा. प्रेक्षक उठून ओरडले. मीही रीसकडेच पाहायला हवं होतं, त्याचेच मला पैसे मिळतात. पण मी पाहत होते ते चार नंबरकडे... पकपाशी पोहोचायच्या आधी तो खांद्यावरून मागे एकदा नजर टाकायचा, त्याकडे. समोरच्या संघातलं एक पोरगं रिंकच्या कडेच्या फळीवर आदळून पडलं, तेव्हा जाता जाता त्यानं त्याला दंडाला धरून उभं केलं, त्याकडे.

सामना संपल्यावर मी खेळाडूंच्या खोलीबाहेर उभी राहिले. ज्याच्यासमोर मुलगा खेळला, त्याला विचारून घेणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. म्हणजे मी स्वतःला तसं सांगितलं.

तो ओल्या केसांनी बाहेर आला. "भिंतीशी बोलायला आलात?"

"माफी मागायला... आणि रीसबद्दल विचारायला."

"माफीला कॉफी लागते, रीसला सोबत पावही. उद्या सकाळी, इंपीबाईंच्या दुकानात."

इंपीबाईंच्या दुकानाच्या काचा आतून वाफाळल्या होत्या. वेलचीच्या निसू पावाचा वास दाराबाहेरपर्यंत येत होता. इंपीबाईंनी कप ठेवता ठेवता माझं नाव विचारलं.

"लेम्पी. लेम्पी कांगास."

"अगं बाई!" त्यांनी हातच जोडले. "किती वर्षांनी ऐकलं! हल्ली कोण ठेवतं गं आपली जुनी नावं?" मग एमेटकडे वळून म्हणाल्या, "तुला रे काय कळणार, तुम्ही पेल्की मंडळी फ्रेंच. फिनिशमध्ये लेम्पी म्हणजे प्रेम."

कान तापणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजलं.

"म्हणजे..." एमेट पावाचा तुकडा हातात धरून विचार करत राहिला. "तुम्हाला रस्त्यात हाक मारायची, तर 'प्रेम, अगं ए प्रेम' असं ओरडावं लागणार?"

"समोरच्याला फिनिश येत नसेल, तर काही अडत नाही."

"मला येतं ना. आत्तापासून. एक शब्द." तो हसला. "आणि असल्या नावाच्या मुलीला अहो-जाहो करणं काही मला जमणार नाही. चालेल?"

"...चालेल."

मग तो रीसबद्दल बोलायला लागला आणि एकदम वेगळाच माणूस झाला. साखरेचे पुडे मांडून त्यानं मला दाखवलं. पोराचा वेग, त्याची नजर. "आत्ताच तो माझ्यापेक्षा सरस आहे. एकच गोष्ट आहे, डावीकडून कुणी अंगावर आलं की पक लवकर सोडून देतो. कधीतरी जोरात लागलेलं असणार. भित्रा मात्र नाही हं. तसं कळवू नकोस. शिकवलं तर सुटेल."

"काल तूच त्याला डावीकडून का नाही गाठलंस मग?"

"कळलंच शेवटी शेवटी. मी मंद आहे ना," तो डोळे मिचकावत म्हणाला. "आज दुसरा सामना आहे ना, बघ."

"आणि तुझं काय? यानंतर?"

त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "मार्चमध्ये मोसम संपला की संपलं. वनखात्यात नोकरी मिळतेय, झाडं मोजायची. झाडं आवडतात मला." मग तो म्हणाला, "चार वर्षं त्या वरच्या रांगेत कुणी ना कुणी येऊन बसतंय. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणासाठी. सवय होते गं."

मी टेबलाखाली माझा उजवा गुडघा दाबून धरला. मी गोलरक्षक होते. गुडघा गेला आणि एका दुपारी सगळं आटपलं. खेळ संपतो म्हणजे काय होतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याला मात्र मी एवढंच म्हणाले, "पाव मस्त आहे."

त्या संध्याकाळी चार नंबरनं रीसला खेळूच दिलं नाही. धसमुसळेपणा नाही, आदळआपट नाही. पाहुण्याला हात धरून पाटावर बसवावं, तसा तो त्या पोराला पुन्हा पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेऊन बसवत होता. रीस चिडला, थकला, आणि शेवटी हसायला लागला. लॅमॉन्टनं सामना मारला. मी बाकावर सुन्न होऊन बसले.

तो खरंच एवढा चांगला खेळला होता? की मला तसा दिसला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विलचा फोन आला. ऑर्विल मॅकी म्हणजे आमच्या व्यावसायिक संघाचे मुख्य स्काउट. मला या कामात त्यांनीच आणलं. मी रीसबद्दल सगळं सांगितलं, डाव्या बाजूचंही. हे मला कुणी दाखवलं, तेही सांगितलं.

"छान. आणि तो चार नंबर? ऐकलं, त्यानं पोराला खिशात घातलं. नवे खेळाडू तयार करायच्या आपल्या खालच्या संघाला एक बचावपटू हवाच आहे. तुझं काय मत?"

हो म्हटलं असतं, तर एमेटसाठी दार उघडलं असतं. आणि तो तेवढा चांगला नसता तर? माझी लाज गेली असती ते सोडा, 'पोरीच्या वशिल्यानं आला' हे त्याला जन्मभर चिकटलं असतं. नाही म्हटलं असतं, आणि तो तेवढा चांगला असता तर...

"मला सांगता येणार नाही, ऑर्विल."

"का? नीट दिसला नाही?"

"फारच नीट दिसला," मी म्हणाले. "दुसरं काही दिसेचना."

पलीकडे खुर्ची करकरली.

"हं," ते म्हणाले. "असं आहे होय."

"असं आहे."

"पोरी, या कामात लोक मला काय काय सांगतात. पण 'माझी नजर धड नाही' असं कुणी कबूल केलेलं ऐकलं नव्हतं." मग आवाज मऊ झाला. "मी स्वतः येऊन बघतो. पण तोवर त्याच्या आसपास फिरकायचं नाही. त्याला काही सांगायचंही नाही. लोक तुला नाही, त्याला बोलतील. कळतंय ना?"

कळत होतं. म्हणून मी त्याला न भेटताच गाडी काढली.

त्याचे निरोप फोनवर येत राहिले. 'इंपीबाई विचारतायत, प्रेम कुठं गेलं?' मी लिहिलं, 'कामात आहे.' 'रीसचं काय झालं?' 'ठीक आहे.' मग एक दिवस आला, 'काही चुकलं का माझं?' त्यावर मी खूप काही लिहिलं आणि सगळं पुसलं. 'नाही' एवढंच पाठवलं. त्यानंतर निरोप यायचे थांबले.

फेब्रुवारी तसाही लांबलचक असतो. तो संपेचना. मी गावोगावच्या रिंकांत बसले, पोरं बघितली, फोन केले. आणि मधेच कुणीतरी खांद्यावरून मागे बघायचं, की मी समोरचं पोर सोडून त्याच्याचकडे बघत राहायचे.

रविवारी सकाळी मी आमच्या गावातल्या छोट्या मुलींना गोल राखायला शिकवते. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्यांना रांगेत उभं करत होते, तोच फळीचं दार उघडलं. दारात एमेट. अंगावर ओलं जाकीट, चेहरा रात्रभर गाडी चालवल्यासारखा.

"निदान निरोप तरी घ्यायचा असतो माणसाचा!" तो तिथूनच ओरडला.

"एमेट, बर्फावर येऊ नकोस, तुझ्या पायात साधे बूट..."

तो आला. आणि पोरींच्या देखत सपशेल आपटला. सगळी रांग खिदळली. मी सरकत जाऊन त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसले.

"लागलं का रे?"

"तिथं नाही लागलं." तो उताणा पडूनच माझ्याकडे बघत राहिला. "काल ऑर्विल भेटले. तीन आठवडे येऊन बसत होते म्हणे. मला पत्ता नाही! म्हणाले, पाय हळू, डोकं जलद. खालच्या संघात मोसमाअखेर महिनाभर खेळून बघ, पुढचं पुढं. वनखात्याला मात्र नाही म्हणू नकोस, असंही म्हणाले."

"एमेट...!" माझे डोळे भरूनच आले. म्हणजे मला दिसलं ते खरं होतं.

"थांब, अजून आहे. मी विचारलं, इकडचं बघणारी मुलगी काय म्हणाली माझ्याबद्दल? तर हसायला लागले. म्हणाले, तिनं एक अक्षर सांगायला नकार दिला. का, ते तिलाच विचार, रविवारी सकाळी तिच्या गावच्या रिंकवर असते." तो कोपरावर उठला. आता आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "म्हणून विचारायला आलोय. सगळ्यांचं मत कळलं मला, लेम्पी. तुझं राहिलंय."

मी त्याच्या जाकिटावरचा बर्फ झटकला.

"मला... तुझ्या खेळातलं काही कळत नाही," मी म्हणाले. "तू उतरलास की मी नुसती बघत बसते. घरी आले तरी बघत बसते. तुझे निरोप यायचे थांबले, तेव्हा मी रोज फोन हातात घेऊन... तू आवडतोस मला. खूप. हेच मत आहे, दुसरं काही नाही."

त्यानं हातमोजा काढला आणि थंडगार बोटांनी माझ्या गालावरचं पाणी पुसलं. "मला वाटत होतं, मी एकटाच वेडा झालोय," तो हळूच म्हणाला. "उठव आता मला. पाठ गारठली."

मी त्याला दोन्ही हात दिले. तो उठला, पुन्हा घसरला आणि मला धरून उभा राहिला. मग धरूनच राहिला. तेवढ्यात एका चिमुरडीनं आपली काठी बर्फावर आपटली. ठक. मग दुसरीनं. मग अख्खी रांग ठकठक करायला लागली — चांगला खेळ झाला की आमच्याकडे करतात तसं. मी त्यांना गप्प बसा म्हणणार होते. पण त्यानं मला जवळ ओढलं, आणि मग बोलायला जमलंच नाही.