आबांच्या शेजारचा लाल डाग

ही घटना शंभर टक्के खरी आहे. भुताला रात्र लागते, अमावास्या लागते, असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगून ठेवतो, इथे तसलं काही मिळणार नाही. भर दुपार होती. शनिवार होता. ताथवड्याच्या एका ऑफिसात एसी चालू होता.

आणि दिव्या तिथे एकटी बसली होती.

तिच्या कंपनीचं काम जरा निराळं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये काहींच्या गाठीत जनुकाचा एक ठराविक बदल असतो. तो असला तर रोजच्या गोळीवर भागतं. नसला तर किमो. हे कळायला छातीत सुई घालून गाठीचा तुकडा काढावा लागतो. दिव्याच्या कंपनीतली मंडळी कॉम्प्युटरला ढीगभर स्कॅन दाखवून नुसत्या स्कॅनवरून तो बदल ओळखायला शिकवत होती.

आणि आता तिच्या वडिलांनाच गाठ निघाली होती.

चिमाजी आबा. चाकणजवळच्या गावातले, उभा जन्म फौंड्रीत राबलेले. गाठ उजव्या फुफ्फुसात, मोठ्या रक्तवाहिनीला खेटून. सुई घालायला डॉक्टर धजत नव्हते, आणि किमो आबांना झेपणार नव्हतं. तो बदल असावा, एवढीच आशा होती.

म्हणून त्या दुपारी दिव्याने आबांचा स्कॅन कॉम्प्युटरला दाखवला.

उत्तर आलं... बदल आहे.

तिचा जीव भांड्यात पडला. पण त्यांच्याकडे एक शिरस्ता होता. कॉम्प्युटरने कुठे बघून उत्तर दिलं, तेही तपासायचं. त्याने जिथे बघितलं, तिथे लाल डाग उमटतो.

गाठीवर लाल नव्हतं.

फुफ्फुसातच नव्हतं.

लाल डाग होता... आबांच्या शरीराबाहेर. डाव्या बाजूला, जिथे नुसती हवा असते त्या काळ्या जागेत.

तिने स्कॅनमधली आडव्या कापांची चित्रं मानेपासून खाली एकेक करून सरकवली. डाग गळ्याशी बारीक होता. मग खांद्यांएवढा रुंद. मग कमरेकडे पुन्हा निमुळता...

स्कॅन मशीनच्या त्या अरुंद टेबलावर आबांच्या अंगाला अंग लावून कुणीतरी झोपलं होतं.

तिने सिनियरला, निरंजनला, फोन लावला. तो हसलाच. "अगं, टेबलाची कड पकडली असेल कॉम्प्युटरने. बाहेरचं सगळं काप आणि परत चालव. एवढं काय घाबरायचं?"

त्यांच्या कामात हे नेहमीचंच. शरीराबाहेरचं कापून टाकलं की कॉम्प्युटरला आतच बघावं लागतं. दिव्याने कापलं. परत चालवलं.

एसीची घरघर मध्येच थांबली... ऑफिस एकदम गपगार झालं.

लाल डाग आत आला होता.

गाठीवर नाही. डाव्या, चांगल्या फुफ्फुसात.

तिने घाईघाईने न कापलेला स्कॅन उघडला. बाहेरची जागा आता रिकामी होती. पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. डाग आतच. बाहेर त्याला जागा होती, ती तिनेच काढून घेतली होती.

संध्याकाळी ती गावी पोचली. आबा ओट्यावर बसले होते.

"आबा, स्कॅन काढताना काही झालं होतं का?"

"व्हय. डाव्या अंगाला लई गार लागत व्हतं. मशीन म्हनलं, श्वास रोखा. म्या रोखला. पन शेजारी कुनीतरी घेतच व्हतं गं."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"काय सांगू? म्हातारं येडं झालं म्हनले असते." आबा खुशीत होते. "तवापासनं गारच लागत व्हतं, आज दुपारपासनं न्हाई बघ. बरं वाटतंय."



पुढच्या स्कॅनमध्ये डाव्या फुफ्फुसात नवी गाठ दिसली. अगदी त्याच जागी. ही कडेला होती, सुई घालता आली. तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला.

लॅबने कळवलं, नमुना बदललाय. हा दुसऱ्याच माणसाचा आहे.

पुन्हा तुकडा काढला. या वेळी दिव्याने नमुन्याची डबी नजरेआड होऊ दिली नाही. लॅबच्या दारापर्यंत ती सोबत गेली.

उत्तर तेच आलं... या गाठीतली जनुकं चिमाजींची नाहीत.

डॉक्टर म्हणाले, गोळी द्यायची तर कुणाच्या गाठीला?

घरी आल्यावर दिव्याला ते लपवता आलं नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग छातीच्या डाव्या बाजूवर हात ठेवून हळूच विचारलं, "माजी न्हाई, तर मग कुनाची हाय गं ती?"

दिव्या रडत राहिली. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

हे तिने मला सांगितलं, त्याला बरेच दिवस झाले. आबा कसे आहेत, हे विचारायला मी फोन हातात घेतो... आणि परत ठेवून देतो.