नमुन्याचं पान

आमची ओळख झेरॉक्सच्या दुकानात झाली, आणि तीसुद्धा भांडणाने.

मी रांगेत उभी होते. हातात कुणाच्या तरी गणिताच्या प्रबंधाची एकशे ऐंशी पानं, मीच टाइप केलेली, ती चाळत होते. टाइपरायटरवर ग्रीक अक्षरं नसतात, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडायची आणि मग काळ्या पेनाने एकेक चिन्ह हाताने भरायचं. मान मोडून भरलं होतं सगळं. तेवढ्यात मागून आवाज आला, "ती सत्तेचाळीसाव्या पानावरची बेरीज... तिथे एक चिन्ह राहिलंय."

मी वळले. उंच, चष्मेवाला, शर्टाचं बटण भलत्याच काजात.

"दुसऱ्यांचे कागद वाचायची सवय आहे का तुम्हाला?"

"नाही, म्हणजे... समोरच होते, म्हणून—"

"आधी स्वतःचं बटण नीट लावा. मग माझी बेरीज तपासा."

त्याचे कान लालभडक झाले. पण चिन्ह खरंच राहिलं होतं, आणि ते भरायला मला त्याचंच पेन मागावं लागलं.

तो पदार्थविज्ञानात संशोधन करत होता. आठवड्याने माझा पत्ता शोधत टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हजर. "टायपिस्टबाई, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना तुम्ही जागा का सोडता?" त्याच्या विभागात एक छोटा कॉम्प्युटर आला होता. त्यावर पत्रं छान व्हायची, पण सूत्र लिहायला गेलं की सगळा सावळागोंधळ. म्हणून हा एक प्रोग्राम लिहीत होता. साधा मजकूर टाइप करायचा, मध्ये टिंब देऊन हुकूम लिहायचे, की अपूर्णांक, वर्गमुळं, तळटीपा आपोआप जागच्या जागी. विज्ञान त्याला यायचं. पान कसं दिसावं हे मात्र मला कळायचं.

मग वर्षभर, माझं काम आटोपलं की संध्याकाळी मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर.

"अपूर्णांकाची रेघ किती लांब ठेवू?"

"वरचं-खालचं, जे रुंद असेल त्याच्याएवढी. वर केसभर जास्त."

"केसभर म्हणजे किती?"

मी वेणीतला एक केस ओढून त्याच्या वहीवर ठेवला. "हा घे. मोज."

पहिल्यांदा 'तू' म्हटलं मी त्याला. त्याने केस मोजला नाही. वही हळूच मिटली.

प्रोग्राम विकायचा नाही, हे त्याचं ठरलेलं. जो मागेल त्याला फ्लॉपीवर कॉपी करून द्यायची, त्याने पुढच्याला द्यायची, एवढीच अट. माझ्या पोटावर पाय येणार हे मला दिसत होतं, तरी मी शिकवत बसले. कारण तो आवडायला लागला होता. आवडायला कसला, पार बुडाले होते मी. आई विचारायची, "अगं, पण तो काही बोलतो का?" मी म्हणायची, "बोलेल." मला फक्त ते एक वाक्य हवं होतं, आणि त्याला नेमकी तिथेच दातखीळ बसायची.

एका पावसाळी दुपारी तो निथळत आला. स्वतः चिंब, पण शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी कोरडी ठक्क.

"पहिली कॉपी तुझी. आत नमुन्याची एक फाईल आहे. सगळ्यात आधी... ती छापून बघ."

"मला नमुना? अरे, तुला नियम शिकवले कुणी?"

"तरी छाप."

"छापते हो, शास्त्रज्ञ."

कान पुन्हा लाल. मला वाटलं, थंडीने.

मी नाही छापली. जिची ओळ न् ओळ मला पाठ, त्या गोष्टीचा नमुना मी कशाला बघू? तो दुसऱ्याच दिवशी परिषदेला गेला. इकडे लोक येऊ लागले, मी माझ्या अख्ख्या फ्लॉपीच्या कॉप्या करून देऊ लागले. अट पाळत होते त्याची. अभिमान वाटत होता.

पंधरा दिवसांनी तो परतला. माझ्याकडे नुसता बघत उभा.

"छापलंस?"

आता न छापल्याचं सांगितलं तर हिरमुसेल, म्हणून मी ठोकून दिलं. "छापलं की. झकास आहे."

"झकास... एवढंच?"

"मग काय हार घालू? सगळ्यांना वाटतेय बघ. वीस जणांना दिली."

"वीस जणांना," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, प्रवासाने दमलाय.

त्यानंतर तो पुन्हा 'तुम्ही' म्हणू लागला. महिन्याभरात दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात नोकरी धरली, दारातूनच "येतो" म्हणाला आणि गेला. मीही विचारलं नाही. माझ्याही नाकावर राग होता. इतकी मेहनत घेतली, आणि साधं एक वाक्य नाही? जा म्हटलं, उडत जा.

दोन वर्षांनी मला एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. त्याचा प्रोग्राम येणारं कुणीतरी हवं होतं त्यांना. एकदा नवा प्रिंटर आला. मेकॅनिकने तपासायला एक पान छापायला घेतलं. प्रिंटर करकरत होता, तो हसत होता.

"सगळीकडे हेच छापतो आम्ही, बाई. सगळी चिन्हं असतात ना यात. आणि मजकूर तर काय, वा."

पानावर मधोमध मथळा होता: 'टायपिस्टबाईंस'. खाली लिहिलं होतं, मला तोंडाने बोलता येत नाही, म्हणून हे असं. मग आमच्या त्या एका वर्षाची सूत्रं, अपूर्णांक, एक वर्गमूळ. तळटीप: केस अजून वहीत आहे. आणि शेवटी, 'माझ्याशी लग्न करशील? नाही म्हणायचं असेल तर ही फाईल पुसून टाक. मी समजेन, पुन्हा विषय काढणार नाही.'

"पुढे काय झालं हो त्या बाईचं?" मेकॅनिक विचारत होता. "आमच्यात पैज आहे."

नाही म्हणायचं तरच पुसायची ती फाईल, आणि मी ती न वाचताच माझ्या हाताने वीस जणांना वाटली होती.

त्याच्या कॉलेजचा नंबर मिळवायला दोन दिवस लागले. फोनवर त्याचा आवाज तसाच होता, अडखळणारा.

"मी तो नमुना आज... परवा वाचला," मी म्हणाले. "पहिल्यांदा. देवाशपथ. तेव्हा खोटं बोलले होते मी."



"मला अनोळखी माणसांची पत्रं यायची," तो म्हणाला. "अभिनंदन म्हणून. मला वाटलं, तू माझं हसं केलंस. दोन वर्षं तुझा राग केला मी."

"कर. तेवढा हक्क आहे तुझा."

"मूर्ख आहेस तू."

"आहेच."

तो हसला, आणि क्षणभर मी त्या स्टुलावर होते. मागे कुणीतरी बाई त्याला हाक मारत होती, लग्नपत्रिकांचा कागद कुठला घ्यायचा म्हणून. "आलो," तो तिला म्हणाला. इतक्या सहज, इतक्या मऊ आवाजात की मला सगळं समजलं.

"कधी आहे?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात." मग खूप हळू, "ऐक ना... तेव्हा वाचलं असतंस, तर काय म्हणाली असतीस?"

हो. हो म्हणाले असते. पळत आले असते. जिभेवर होतं ते.

"नाही म्हटलं असतं," मी म्हणाले.

"खरं?"

"खरंच. तू चांगला होतास रे, पण... तसं नव्हतं काही."

त्याने श्वास सोडला. मोठा, मोकळा, दोन वर्षं छातीत अडकलेला. "बरं झालं," तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. आता कसं हलकं वाटतंय बघ."

मी "सुखी राहा" म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं माझंच होतं, त्याच्यासाठीच बोलले होते. पण त्याने ते इतक्या पटकन खरं मानलं, त्याबद्दल मी त्याला आजवर माफ केलेलं नाही.