ओढ्याकाठचं जेवण

"गायब! सगळेच्या सगळे गायब!"

राजस ओढ्याच्या काठावर उभा राहून दोन्ही हात पसरत ओरडला. दहा वर्षांचा राजस, त्याचा तेरा वर्षांचा दादा ईशान आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी उपासना, अशी ही तिघांची टोळी. थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी रेनकोट चढवून तिघं इथं येत. इमारतींच्या मागं उंचच उंच सीडरचं रान, त्यातून वाहणारा ओढा, आणि त्या ओढ्यात समुद्रातून परत आलेले सॅमन मासे. अमेरिकेतल्या रेडमंडच्या त्या पावसात दुसरं करायचं तरी काय!

काल काठावर मेलेले सॅमन जागोजागी पडले होते. अंडी घालून झाली की सॅमन मरतातच. आज मात्र काठ लख्ख! एक खवला नाही की एक फाटकी शेपटी नाही.

"अस्वल!" ईशान म्हणाला. "हंड्रेड पर्सेंट अस्वल, यार!"

"आणि मावशी?" उपासनानं श्वास रोखून विचारलं.

तिघंही वाकले. मावशी म्हणजे त्यांची लाडकी सॅमन मादी. ती होती! वळणापाशी, उथळ पाण्यात, आपल्या घरट्यावर डुलत उभी होती. घरटं म्हणजे गोट्यांमधला खळगा. तो शेपटीनं खणता खणता तिची शेपटी झिजून पांढरी पडली होती. समुद्र सोडल्यापासून तिनं अन्नाचा एक घास घेतला नव्हता. तरी ती राखण सोडत नव्हती.

"ती पण मरणार ना गं?" राजसनं हळूच विचारलं.

"हो," उपासना म्हणाली. "पण वाया नाही जाणार. शाळेत आम्ही टाकीत सॅमनची अंडी वाढवली होती ना, तेव्हा टीचरनी सांगितलं होतं. तिचं अंग किडे खातात, त्या किड्यांना माशांची पिल्लं खातात. पिल्लांना हिवाळाभर खायला तेच. कुणी तिला उचलून नेलं तर..."

पुढचं ती बोलली नाही. तिची नजर ओल्या वाळूवर खिळली होती.

"ईशान, तुझं अस्वल झाडून जातं का रे?"

वाळूवर बारीक रेघांच्या कमानी उमटल्या होत्या, एकीला लागून एक, केस विंचरल्यासारख्या.

"रेक असेल," ईशान म्हणाला.

"रेकचे दात लांब लांब असतात. ह्या रेघा बघ किती बारीक आहेत! हा खराटा आहे, खराटा! आणि अख्ख्या रेडमंडमध्ये खराटा कुणाकडे आहे?"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणाले, "मनोहरकाका!"

मनोहरकाका इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. नागपूरहून येताना त्यांनी नारळाच्या हिरांचा खराटा सुटकेसमध्ये तिरपा घालून, चिवड्याच्या पिशव्यांच्या आडून आणला होता. "इथल्या झाडूनं गणपतीचं अंगण झाडल्यासारखं वाटत नाही," असं ते सगळ्यांना सांगत.

तिघं रानातून पळत सुटले. ओढ्यापलीकडच्या मोकळ्या शेडमध्ये उद्या मंडळाचा स्नेहमेळावा होता. तिथं खांबाला टेकून खराटा उभा होता. उपासनानं त्याच्या हिरांवरून बोट फिरवलं. बोटाला चंदेरी टिकल्या चिकटल्या.

"खवले!"

"आणि इथं बाकीचे!" राजस नाक धरून किंचाळला. कचऱ्याच्या डब्यांमागं काळ्या पिशव्या ओळीनं बसल्या होत्या. "ग्रोस! सो ग्रोस!"

"काय रे पोट्ट्यांनो, काय चाललं?" मागून खणखणीत आवाज आला. पायात गमबूट, हातात रबरी मोजे, डोक्यावर मंडळाची टोपी. खुद्द मनोहरकाका!

"काका, मासे तुम्ही उचलले?"

"मग! आपल्या मंडळाचं श्रमदान! मी आणि आपल्या मंडळाचा गिरीश पहाटे आलो. उद्या एवढे पाहुणे येणार, सिॲटलहून, पार पोर्टलंडहून. त्यांना काय सडक्या माशांचा वास द्यायचा? एक तेवढा वळणापाशी उरलाय. आत्ता घरून चहा घेऊन येतो, मग पाण्यात उतरून त्याचाही निकाल लावतो."

उपासना पुढं झाली. "काका, तो मासा नाही, ती... तिथं घरटं आहे. आणि हे मेलेले मासे म्हणजे ओढ्याचं खाणं असतं!"

"बेटा, घाण ती घाण. पिशव्या उद्या सकाळी गाडी नेईल. विषय संपला!"

उपासना आणखी काही बोलणार, तोच ईशाननं तिचा पाय दाबला.

"बरोबर आहे काका!" तो गोड आवाजात म्हणाला. "आम्हालापण श्रमदान करायचंय. ह्या पिशव्यांचं काय ते आम्ही बघतो. तुम्ही सावकाश चहा घ्या. दोन कप घ्या!"

"वा रे पठ्ठ्या! मेळाव्यात स्टेजवर सत्कार करतो तुमचा!" काका खूश होऊन निघून गेले.

"ईशान, यू आर अ जीनियस!" राजसनं टाळी दिली.

"मोजे घाल आणि ओढ पिशवी," ईशान म्हणाला.

मग काय विचारता! तिघांनी पिशव्या फरफटत रानात नेल्या. मासे जिथून उचलले होते तिथंच परत ठेवायचे, असं ठरलं. काही काठावर, काही पाण्याच्या कडेला, काही आत सीडरखाली. राजस प्रत्येक माशाला "सॉरी हं" म्हणत होता. एका जुन्या सीडरच्या मुळाशी उपासना थबकली. हिरव्यागार शेवाळात माशाचा जबडा रुतला होता, गेल्या वर्षीचा असावा. त्याच्या दातांमधून नेच्याचं एक कोवळं पान वर आलं होतं.

"इतक्या आत मासा कसा आला?" राजसनं विचारलं.

"रात्री हिंडणाऱ्या एखाद्या रकून प्राण्यानं ओढून आणला असेल, नाहीतर खरंच अस्वलानं. अर्धा खाल्ला, अर्धा टाकला. तो मातीत मुरला, मुळांनी प्यायला." उपासनानं झाडाच्या खोडावर हात ठेवला आणि मान मागं टाकून वर पाहिलं. शेंडा ढगात हरवला होता. "टीचर म्हणाल्या होत्या, अशा झाडांच्या लाकडात शास्त्रज्ञांना समुद्रातला नायट्रोजन सापडला. म्हणजे ह्या झाडात समुद्र आहे, ईशान!"

एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करणाऱ्या ईशाननं वर शेंड्याकडे पाहिलं. त्यानंही हात ठेवला.

शेवटची पिशवी रिकामी करून ते वळणापाशी आले. खळग्यावर कुणीच नव्हतं. थोडं खाली, एका मुळाच्या काखेत, मावशी कुशीवर पडली होती. पाणी तिच्या अंगावरून हलकेच चाललं होतं, पांघरूण घातल्यासारखं.

राजसनं बाहीला डोळे पुसले. उपासनाही डोळे पुसत होती, इतक्यात—

"अरे! हे काय करून ठेवलं!"

मनोहरकाका! चेहरा लालबुंद. "सगळे परत आणून टाकले? मला गंडवलं? थांबा, आधी हा उचलतो!" आणि त्यांनी गमबूट पाण्यावर उचलला.

"काका, पाय टाकू नका!" उपासना आडवी आली. "खाली अंडी आहेत! तिची पोरं आहेत!"

काकांचा पाय हवेतच राहिला.

"फक्त एकदा वाकून बघा. मग उचलायचा तर उचला. मी अडवणार नाही."

त्या पोरीच्या आवाजात असं काही होतं की काकांनी पाय मागं घेतला. ते कुरकुरत गुडघ्यांवर बसले. पाणी काचेसारखं होतं. आधी काहीच दिसलं नाही. मग मावशीच्या अंगाशी काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी पिल्लं! एक, मग चार, मग किती तरी. बाजूवर काळपट पट्टे, डोळे मोहरीएवढे. ती मावशीच्या अंगाचे बारीक लचके तोडत होती, मागं सरत होती, पुन्हा येत होती.

"ही... हिची?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"नाही. गेल्या वर्षी आलेल्या कुणाची तरी. त्यांची आई त्यांनी पाहिलीच नाही. हिची अजून गोट्यांखाली झोपलीत. वसंतात बाहेर येतील, तेव्हा हीसुद्धा नसेल. पण ओढा असेल ना, हिला खाऊन धष्टपुष्ट झालेला!"

सीडरवरून थेंब पडत होते. डोंगरानं माती ओढ्याला दिली, ओढ्यानं नदीला, नदीनं समुद्राला. समुद्र तरी किती खोल! तिथं गेलेलं परत कोण आणणार? आणि हे मासे निघाले, उलट्या धारेनं, उपाशीपोटी. समुद्र अंगात भरून घेतला आणि डोंगराच्या दारात आणून ठेवला. माशाचा किडा झाला, किड्याचं पिल्लू झालं, पिल्लाचा पक्षी झाला, आणि पक्षी ज्यावर बसला ते झाडही त्यातलंच!

वर पंख फडफडले. पांढऱ्या डोक्याचा गरुड संथपणे उतरला, समोरच्या काठावर मुलांनी ठेवलेल्या माशावर पाय रोवून बसला आणि काकांकडे रोखून पाहू लागला.

काकांनी नकळत डोक्यावरची टोपी काढली.

"चुकलं माझं," ते गरुडाला म्हणाले की उपासनाला, कुणास ठाऊक!

दुसऱ्या दिवशी मेळाव्याला पाहुणे जमले. पोर्टलंडच्या एक काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अध्यक्ष, हा वास कसला हो?"

मनोहरकाकांनी माईक हातात घेतला.

"वास? अहो, स्वयंपाक चाललाय! सगळ्या रानाचा! आणि काल मूर्खपणानं मी ते अन्न पिशवीत बांधून फेकणार होतो. ह्या तीन पोट्ट्यांनी मला चक्क फसवलं आणि वाचवलं. उपासना, ईशान, राजस, या इकडे! तुमचा सत्कार मी स्टेजवर करणार होतो, पण तो इथं नाही शोभायचा. चला मंडळी, दबक्या पावलांनी माझ्यामागं या. पाण्यात पाय कुणी घालायचा नाही!"

आणि मग पैठण्या, कुर्ते, जाकिटं अशी सगळी मंडळी छत्र्या मिटून ओढ्याकाठी उकिडवी बसली. उपासना वाकून हलक्या आवाजात एकेक गोष्ट सांगत होती. नाकाला पदर लावलेल्या काकूंचा हात कधी खाली आला, ते त्यांनाही कळलं नाही.

"बाळा," त्या कुजबुजल्या, "तिथं बघ, ते छोटंसं. ते जेवलं का गं?"

"जेवतंय, काकू," उपासना म्हणाली. "श्शऽऽ!"