गार कपाळ

दसऱ्याच्या दुपारी कौसल्या एका हातात कडुनिंबाच्या पाण्याची बादली आणि दुसऱ्या हातात लेकीचं मनगट धरून कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाकडे निघाली. तिचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. आजचं नाटक तेवढं बिनबोभाट पार पडू दे, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. सहा वर्षांची गौतमी मात्र मजेत होती, कारण तिचा बाप आज आईचं लुगडं नेसून नाचणार आहे, हे तिचं वस्तीभर सांगून झालं होतं.

सत्तावन्न सालचा तो दसरा. उन्हाळ्यात फ्लूची साथ बोरी अरबला येऊन गेली होती, आणि विसरलेली छत्री न्यायला पाहुणा परत यावा तशी पोळ्यानंतर पुन्हा आली होती. बाजार अर्धा, कुस्त्या बंद, गणपतीतली नाटकंही बंद. पण नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्याला त्या दिवशी वर्ष होत होतं, आणि वस्तीच्या नाटक मंडळीला तो दिवस सुना घालवायचा नव्हता. मंडळीचे म्होरके डोमाजी. त्यांनी तालुक्याला इतके खेटे घातले की साहेबाने शेवटी कंटाळून होकार दिला.

होकाराबरोबर अटी आल्या. नाटक दिवसा करायचं, सूर्य मावळायच्या आत पडदा पाडायचा. जमिनीवर चुन्याचे चौकोन आखायचे. एका घराने एका चौकोनात बसायचं, आणि दुसऱ्याच्या चौकोनात पाय टाकायचा नाही. प्रत्येकाच्या तोंडाला फडकं. दारात प्रत्येकाचा ताप पाहायचा. जरा गडबड झाली की जमादार शिट्टी वाजवणार आणि नाटक तिथल्या तिथे बंद.

"राजाच्या तोंडाले बी फडकं बांधू काय, साहेब?" असं डोमाजींनी विचारलं होतं म्हणतात. साहेब हसला नाही.

कापसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून जिनाची रिकामी पडवी नाटकाला मिळाली. बायकांचा ताप पाहायचं काम कौसल्येकडे आलं. दवाखान्यातल्या विमलताई नर्सबाईंनी तिला शिकवलं होतं, "हात पालथा ठेवायचा कपाळावर. गरम लागलं की परत, गार लागलं की आत. डोकं चालवायचं नाही." कौसल्या पक्की झाली होती. नाटकाला हपापलेल्या बाया विहिरीवर कपाळ भिजवून यायच्या, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती आधी पदराने कपाळ कोरडं करी आणि मग हात ठेवी.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता त्याला आणखी एक कारण होतं. जिनाच्या मागच्या कोठीत उमरखेडकडची एक बाई पडून होती. कापूस वेचायला लवकर आलेली, एकटी. तापाने धरली, तशी सोबतच्या बाया तिला टाकून गेल्या. वस्तीतून तिच्या दाराशी भाकर ठेवली जायची. कौसल्याही ठेवायची. दार लोटलेलं असायचं. पडवीतल्या तालमीचा आवाज भिंतीतून कोठीत जायचा, आणि एकदा आतून घोगरा आवाज आला होता.

"आयकून राह्यली मी रोज... त्या मायची पोरगी हरवते ना बाजारात? मंग सापडते काय व ती?"

"मले बी नाही माहीत, बाई. शेवट सांगत नाहीत ते."

हे खरं होतं. डोमाजींच्या मंडळीची रीतच तशी होती. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही, घरीसुद्धा नाही. ते पहिल्यांदा लोकांसमोरच बोलायचं. ते वाक्य धर्मपालचं होतं, म्हणजे कौसल्येच्या नवऱ्याचं. हरवलेल्या पोरीला शोधणारी माय तोच होत होता. पण त्याने बायकोलाही दाद लागू दिली नव्हती.

"माही बी पोरगी हाय घरी," आतून आवाज आला. "एवढुशीच. सापडते का नाही, पाह्यलं असतं..."

"बरी हो मंग. मी बसवतो तुले माह्याजवळ," कौसल्या म्हणाली होती. मनापासून म्हणाली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती बाई गेली. सत्यभामा, कौसल्येची शेजारीण, धीराची. तिने स्वतःच्या पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, बाईला नेसवलं, आणि दिवस मावळायच्या आत चार जणांनी तिला नाल्याकडे नेऊन माती दिली. नाटक पुढे ढकलावं का, असा विषय निघाला. पण परवानगी त्याच एका दिवसाची होती.

तर दुपारी गर्दी झाली. कपाळामागून कपाळ. कौसल्येने तिघी-चौघींना परत पाठवलं, त्यातली एक तर तिची नणंदच होती. तिच्या शिव्या खाल्ल्या. आत चुन्याच्या चौकोनात घरंच्या घरं बसली होती. तोंडाला उपरणी, पदर, रुमाल. नुसते डोळे. सगळ्यांनी कापराच्या पुरचुंड्या आणल्या होत्या, त्यामुळे पडवीत कापराचा घमघमाट सुटला होता. ओळखीची माणसंही परकी वाटत होती, आणि कौसल्या पुन्हापुन्हा आपल्या चौकोनाकडे पाहत होती. तिथे गौतमी एकटीच मांडी घालून बसली होती. पहिल्या रांगेत बाबुलाल जमादार गळ्यात शिट्टी अडकवून बसला होता.

पेटीचा सूर लागला. कौसल्या दार ओढून घेणार, तोच एक बाई उन्हातून आली.

नवंकोरं, खळ न मोडलेलं लुगडं. तोंडावरून ओढलेला पदर दातात धरलेला. पावलं अगदी लहान टाकत होती, दुखणाईत माणसासारखी. कौसल्येने नेहमीप्रमाणे तिचं कपाळ पुसलं. ते कोरडंच होतं. मग हात ठेवला. गार... इतकं गार की तिने हात उचलला नाही, आणखी दाबून धरला.

"पानी लावून आली काय व?"

बाईने मान हलवली. नाही.

गार म्हणजे आत. डोकं चालवायचं नाही.

"कोनाच्या घरची? चौकोन कोनता तुहा?"

"जागा नाही मले," पदराआडून आवाज आला. घोगरा. कौसल्येला तो कुठे तरी ऐकल्यासारखा वाटला. पण आत धर्मपालने पहिली हाक मारली होती, आणि लोकांनी हसून दाद दिली होती. तिचं अर्धं लक्ष तिकडे गेलं. चौकोन नसलेल्याला परत पाठवायचं, असा नियम होता. पण एवढं नवं लुगडं नेसून, एवढ्या उन्हातून आलेली बाई. कौसल्येला तिची कीव आली.

"जाय, बस आमच्यातच. ते पाह्य, पोट्टी एकटीच हाय."

बाई आत गेली. जाताना तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला पांढरं काही तरी लोंबताना कौसल्येला दिसलं. सूत असावं. जिनात पायांना कापूस चिकटतोच. कौसल्येने हात लुगड्याला पुसला. तो बधिर झाला होता.

नाटक रंगलं. धर्मपाल असा काही रडला की बाया पदरात हुंदके देऊ लागल्या. पण कौसल्येला एका जागी उभं राहवेना. ती दारातून आत डोकावे, पुन्हा बाहेर येई, बधिर हात चोळी, पुन्हा आत पाही. ती बाई गौतमीला अगदी खेटून बसली होती. थोड्या वेळाने पाहिलं, तर गौतमीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बाईचा हात पोरीच्या कपाळावर होता. पोरीचे डोळे उघडे होते, पण ती नाटकाकडे पाहत नव्हती. वर, बाईच्या पदराकडे पाहत होती.

सत्यभामा खोकत पाणी प्यायला बाहेर आली.

"कौसल्या... तुह्या चौकोनात ते कोन बसलं व?"

"असंन कोनी बाहेरगावची. काहून?"

"लुगडं माहं हाय ते."

"काय बोलून राह्यली?"

"तांबडे काठ, अन् पदराले उंदरानं कुरतडलं होतं तिथं मी शिवलेलं. माही शिवन मले समजत नाही काय?" सत्यभामा आधी रागातच होती. "काल नेसवलं मी त्या बाईले. मातीतून काढून आनलं का काय कोनी मेल्यानं? असंही करतेत काय मानसं!" मग तिचा आवाज खाली आला. "कौसल्या... अंगठे बी मीच बांधले होते तिचे. पांढऱ्या सुतानं..."

कौसल्येने दारातून पाहिलं. बाईचे पाय लुगड्याबाहेर आले होते, आणि दोन्ही अंगठ्यांना सुताची तुटकी टोकं होती.

मंचावर धर्मपाल, कौसल्येचंच लुगडं नेसलेला, शेवटच्या प्रवेशात आला होता. ऊन तिरपं झालं होतं. आणखी थोडंसं, मग शेवटचं वाक्य, मग पडदा. आत शिरून गोंधळ केला तर जमादार शिट्टी वाजवणार. वर्षभराच्या तालमी, डोमाजींचे खेटे, धर्मपालचं रात्ररात्र जागणं, सगळं मातीत जाणार. थांब, थांब थोडी, ती स्वतःला सांगत होती. तेवढ्यात गौतमीने डोळे मिटले.

मग ती थांबली नाही. चुन्याच्या रेघा पायाखाली पुसत, लोकांच्या अंगावरून, ती धावत गेली आणि पोरीला बाईच्या मांडीवरून ओढून घेतलं. बाया ओरडल्या. कुणी तरी "ताप, ताप" म्हणालं, आणि लोक एकमेकांवर पडत उठले. शिट्टी वाजली. मंचावर धर्मपाल हात पसरून, तोंड उघडं ठेवून तसाच राहिला. पडदा पडला.

बाई मात्र बसूनच होती. तिने मान वर केली.

"शेवट राह्यला व..." ती म्हणाली. रागावून नाही, जरा खिन्नपणे. मग मधे माणसं आली, फडकी आली, नुसते डोळे आले. गर्दी पांगली तेव्हा चौकोन रिकामा होता. बाई बसली होती त्या बाजूला चुन्याची रेघ कुठेच मोडलेली नव्हती.

दिवेलागणीला धर्मपाल घरी आला. तोंडावरचा रंगही त्याने धुतला नव्हता. त्याने तिचं लुगडं वलणीवर टाकलं, आणि त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं कौसल्येला वाटलं. गौतमी गोधडीत कुडकुडत पडली होती. कौसल्येच्या हाताला तिचं कपाळ कोरडं आणि गार लागत होतं, दुपारी दारात लागलं होतं तसं. खोलीत कापराचा वास होता. घरात कापूर नव्हता.

नवऱ्याला सांगायचं तरी कसं? भुताखेतांची भीती आपण नागपूरलेच सोडून आलो, हे तो चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि तिला त्याचा अभिमान होता.

"आयका ना," ती शेवटी म्हणाली. "ते शेवटचं वाक्य काय होतं?"

"आता कायले पायजे तुले?" धर्मपालचा आवाज फाटला. "तूच बंद पाडलं ना?"

"मी पाया पडतो तुमच्या. म्हना एकदा. मोठ्यानं, नाटकात म्हनता तसं. इथं, पोरीजवळ बसून."

त्याने तिच्याकडे पाहिलं, कुडकुडणाऱ्या लेकीकडे पाहिलं, आणि त्याचा राग विरला. एक भाबडी समजूत म्हणून का होईना, पोरीला बरं वाटेल. तो उशाशी बसला, घसा साफ केला आणि मायच्या आवाजात, हात पसरून, म्हणाला,

"सापडली माही लेक! चाल माय, लय फिरली तू. आता आपल्या घरी जाऊ."

कौसल्येला वाटलं, हे वाक्य माहीत असतं तर आपण म्हणायला लावलं नसतं. पण ते म्हणून झालं होतं. दाराचं गोणपाट बाहेरच्या बाजूला उचललं गेलं आणि खाली पडलं. वारा नव्हता. खळीच्या लुगड्याची सळसळ ओट्यावरून दूर गेली. कापराचा वास ओसरला. गौतमीचं कुडकुडणं थांबलं.

कौसल्येने झडप घालून तिच्या कपाळावर हात ठेवला.

"गरम!" ती ओरडली. "गरम हाय व माही पोट्टी!" आणि दुपारभर गरम कपाळांना हाकलून देणारी कौसल्या हसत, रडत लेकीला छातीशी कवटाळत राहिली. तिला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

धर्मपालने वाकून हात ठेवला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"गरम कुठं? गार पडली हे, कौसल्या. माठासारखी गार हाय."

"नाही हो. तुमाले समजत नाही." तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. भाजत होतं. जमिनीला हात लावला. तीही ऊन होती. मग ती हळूच उठली आणि कोपऱ्यातल्या माठाजवळ गेली. माठ ओला होता, बाहेरून पाझरत होता. तिने त्यावर हात पालथा ठेवला.

माठही गरम होता. गार पडला होता तो तिचाच हात.

मागे गोधडी सरकल्याचा आवाज आला. गौतमी उठून बसली होती. परक्या घरात जाग यावी तसं तिने भिंतीकडे पाहिलं, वलणीवरच्या लुगड्याकडे पाहिलं, रंग फासलेल्या बापाकडे पाहिलं, आणि शेवटी दाराच्या गोणपाटाकडे.

"चाल ना व," ती त्या गोणपाटाआडच्या कुणाला तरी म्हणाली. "घरी जाऊ."