जिच्याशी

माझ्या क्लासच्या बोर्डाकडे बघून कुणी हसलेलं मला खपत नाही. आणि तो तर भर पावसात, छत्री खांद्याला टेकवून, मान वाकडी करून आरामात हसत होता.

बिरवाडीत ठकूबाईंच्या माडीवर माझा इंग्रजीचा क्लास आहे. खाली त्या राहतात, वर मी शिकवते. मी रोज तुडीलहून येते, आणि विद्यार्थी येतात एमआयडीसीतली पाळी संपवून, डोळ्यांत झोप घेऊन. त्यामुळे बोर्डावर हसायला मोकळा वेळ असलेला माणूस मला पहिल्या नजरेतच संशयास्पद वाटला.

"हसायला काय झालं?" मी खिडकीतून विचारलं.

त्याने वर पाहिलं. भुवईवरून पावसाचं पाणी ओघळत होतं, आणि मला उगाचच वाटलं की कुणीतरी याला रुमाल द्यायला हवा.

"काही नाही, मॅडम... 'इन दॅट' लिहिलंय. तिथे 'इन विच' हवं ना?"

मी वाकून बघितलं. 'ज्या भाषेत जग बोलतं, ती भाषा शिका' असं इंग्रजीत लिहायला मी पेंटरला सांगितलं होतं. त्याला जागा पुरली नसावी, म्हणून 'विच' काढून त्याने 'दॅट' बसवला होता. दॅटच्या आधी इन कधी येत नाही, हे मी पोरांना घसा फोडून शिकवते, आणि माझ्याच दारावर ते मोठ्या अक्षरांत झळकत होतं. चूक मान खाली घालावी अशीच होती, पण मी मान खाली घालणाऱ्यांतली नाही. पेंटरची चूक आहे म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो नाव घालायला हजर. हर्षद, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला, मुंबईत शिकलेला, आता इथल्या औषधांच्या कंपनीत केमिस्ट. ज्याला दॅट आणि विचमधला फरक रस्त्यावरून कळतो, त्याचं माझ्या क्लासात काय काम? कुठेतरी पाणी मुरत होतं. तसं माझी आई म्हणते की मी दूध बघायच्या आधी त्यातलं पाणी बघते. पण पाणी असतं म्हणूनच बघते ना!

तेव्हा आमचा 'म्हशीचा धडा' चालू होता. धडा असा, की मराठीत 'जिच्याशी', 'ज्याच्यासाठी', 'ज्यात' म्हणताना शी, साठी, त ही शेपटं मागे असतात. इंग्रजी म्हशीचं शेपूट पुढे. विथ हूम, फॉर हूम, इन विच. माणसाला हूम, वस्तूला विच. हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. आमच्या गोठ्यात धार काढताना शेपटाचा फटका तोंडावर बसला, तेव्हा सुचला होता.

हर्षद कधीच चुकायचा नाही. आणि शंका तर अशा काढायचा...

"मॅडम, 'जिची वाट बघतो' याला काय?"

"फॉर हूम आय वेट."

"आणि 'जिच्याकडे बघतो'?"

"ॲट हूम. पण तुम्ही फळ्याकडे बघा."

सगळा वर्ग हसला. तोही हसला. मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले. फळा आधीच स्वच्छ होता.

ठकूबाई जिन्यात तांदूळ निवडायच्या निमित्ताने सगळं ऐकायच्या. एक दिवस मला खाली थांबवून म्हणाल्या, "गो समीक्षा, तो पोरगा काय शिकायला येत नाय हाय."

"मग कशाला येतो?"

"ता तू बघ. संशय घ्यायची हौस तुला ना?"

ती हौस फिटायची वेळ लवकरच आली. महाडला गेले होते, तर तिथल्या किशोर सरांच्या इंग्रजी क्लासवर नवा फ्लेक्स दिसला. त्यावर माझी म्हैस. अगदी शेपटासकट, आणि खाली ठळक अक्षरांत: 'इंग्रजी म्हशीचं शेपूट पुढे'. मी एसटी स्टँडपर्यंत कशी चालत आले ते माझं मला ठाऊक. हर्षदची कंपनी आपल्या कामगारांना इंग्रजीला पाठवणार होती. क्लास एकच निवडायचा होता, किशोर सरांचा नाहीतर माझा. ते काम माझ्या हातून गेलं, तर माडी सोडावी लागणार होती. आणि घरी तर आमचा तहच ठरलेला होता. क्लास चालतोय तोवर लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही. क्लास बंद झाला, की मामांनी आणलेलं पहिलं स्थळ मुकाट्याने बघायचं.

माझा धडा माडीवरून महाडला गेला कसा? सगळी बोटं एकाच माणसाकडे जात होती. मला राग यायला हवा होता. पण आधी रडू आलं... कारण तोवर मी रोज पाच वाजता खिडकीतून त्याची छत्री शोधायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी त्याला थांबवलं. बाकीचे जिना उतरून गेले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी सरळच विचारलं, की माझा म्हशीचा धडा बाहेर कुणाला सांगितलात का?

"हो," तो म्हणाला. "कंपनीच्या बसमध्ये. रोज."

मी खोटं पकडायच्या तयारीने उभी होते. खरं ऐकायची तयारीच केली नव्हती.

मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. बसमध्ये कुणी इंग्रजीला कंटाळलेला दिसला, की हा त्याला म्हैस सांगायचा, आणि वर सांगायचा की हे बिरवाडीच्या मॅडमचं डोकं आहे. माझ्या क्लासला माणसं मिळावीत, एवढंच त्याच्या मनात होतं. किशोर सरांचा भाचा त्याच बसने जातो, हे त्याला फ्लेक्स लागल्यावर कळलं. तेव्हापासून तो मला सांगायचा धीर गोळा करत होता. बसमधल्या सगळ्यांनी कंपनीच्या साहेबांकडे नाव मात्र बिरवाडीचंच दिलं होतं.

"शेपूट त्यांनी नेलं, मॅडम. म्हैस तुमच्याकडेच आहे."

मला हसू येत होतं, पण मी ते दाबलं. एवढ्यावर विश्वास ठेवला, तर मी कसली समीक्षा?

"तुम्हाला इंग्रजी येतं. मग माझ्या क्लासात का आलात? खरं सांगा."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घाबरला, की त्याच्या बोलण्यात त्याची वाडी डोकवायची.

"तोंडानं नाय जमायचं," तो म्हणाला, आणि त्याने खडू उचलला.

फळ्यावर एकेक शब्द उमटत गेला. 'शी इज द गर्ल विथ हूम आय वॉन्ट टू मॅरी.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मास्तरकीची खोड अशी, की आधी चूक दिसली. 'जिच्याशी लग्न करायचंय' म्हणताना आपण 'शी' लावतो, म्हणून इंग्रजीतही आपण हटकून 'विथ' घुसडतो. पण इंग्रजीत लग्नाला शेपूट नसतं. हा अपवाद मी अजून शिकवलाच नव्हता.

आणि तिथेच माझा संशय गळाला. बोर्डावरची चूक रस्त्यावरून ओळखणारा हा माणूस, माझ्या नियमावर डोळे मिटून चालला आणि नेमका खड्ड्यात पडला. चोर माल पारखून घेतो. याने काहीच पारखलं नव्हतं.

मी डस्टर घेतलं आणि 'विथ' पुसलं.

"हे नको," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "नको... म्हणजे नाय?"

"विथ नको म्हटलं. बाकी वाक्य बरोबर आहे."

तो फळ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती. ओठ हलवत त्याने ते वाक्य पहिल्यापासून वाचलं, आणि शेवटच्या शब्दाला पोचेपर्यंत त्याचं तोंड कानापर्यंत पसरलं होतं.

जिन्यात तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"गो, काय ठरलं? मला विंग्रजी येत नाय."

मी दार उघडलं. ठकूबाई शेवटच्या पायरीवर, पदराने हात पुसत उभ्या होत्या. मग मी त्यांना तेच वाक्य मराठीत सांगितलं... माझ्या बाजूने, त्याच्याकडे बोट दाखवून, आणि शेपटासकट.