सदतीस बाण

गोधडीची घडी उलगडताच सुनंदाच्या बोटांना काहीतरी खरखरीत लागले… नखाएवढे कागदी तुकडे, प्रत्येकाला एका बाजूने टोक! ते काय आहे हे समजायला तिला डोळ्यांची गरज नव्हती. तिची भावजय हेमांगी वसईच्या एका निर्यात-कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. शिवणीत दोष आढळला की त्याकडे टोक करून लाल बाणाचा स्टिकर चिकटवायचा, हा तिथला रोजचा शिरस्ता. सुनंदाने एकेक बाण चाचपून मोजला. सदतीस!

स्वर्गवासी आईच्या दोन मऊ लुगड्यांची ती गोधडी, आठ दिवसांपूर्वी जन्मलेल्या भाचीसाठी. चारच दिवसांनी बारशाला ती पाळण्यात अंथरायची होती. आई गेली तेव्हा धाकटा जितेंद्र नऊ वर्षांचा होता. त्याला वाढवण्यात सुनंदाचे लग्नाचे वय सरले, आणि मन मात्र गोधड्यांत रमले. कडेपासून सुरुवात करून फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे जायचे, प्रत्येक टाका तांदळाच्या दाण्याएवढा. आगाशीच्या वाड्यांतून तिच्या या टाक्याची ख्याती होती.

"वन्सं, राग मानू नका," हेमांगी बाजेवरून म्हणाली, "टाके मागेपुढे झालेत. आमच्याकडे हा पीस पास झाला नसता."

"ताई, आता घरातच इन्स्पेक्शन," असे म्हणून जितेंद्र वर्तमानपत्राआडून हसला.

ज्याच्या फाटक्या चड्डीपासून लग्नातल्या झब्ब्यापर्यंत सारे या हातांनी शिवले, त्याचे ते हसू सुनंदाच्या काळजात सुईसारखे रुतले! दोन दिवस ती बाणाबाणाशी टाके उसवत राहिली आणि पुन्हा घालत राहिली, पण जितके सुधारावे तितके बिघडत होते. ओळ सुटत होती, सुई भलतीकडेच निघत होती. स्वतःच्या बोटांचा, डोळ्यांपुढच्या धुक्याचा, त्या शिकलेल्या पोरीचा, साऱ्यांचाच तिला असह्य संताप आला आणि तिने गोधडी भिंतीशी भिरकावली… मग पुन्हा चाचपडत जाऊन उचललीही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या ब्लॉकमधल्या कॅथरिन मावशी सुयांची उशी घेऊन आत आल्या. सुनंदा गॅलरीत कपडे वाळत घालीत होती.

"सुनंदाला दे गो. आजच्या बारा सुया ओवून ठेवल्यात."

सुया कशाला ओवून देता, असे हेमांगीने आश्चर्याने विचारले, तेव्हा मावशींना तिच्याहून अधिक आश्चर्य वाटले. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून परतल्यावर रोज दोरा त्याच ओवून देत होत्या, कारण चार महिन्यांपासून सुनंदाला सुईचे नेढे दिसत नव्हते. काचबिंदू होता. ऑपरेशनची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती. हेमांगीला आई नाही, माहेर नाही, मग बाळंतपण कोण करणार, एवढेच ती म्हणे.

हेमांगीने सुयांची उशी गोधडीशेजारी ठेवली. जी बाई पहाटे उठून तिला शेक-शेगडी करीत होती, अळिवाचे लाडू वळीत होती, तिच्या अंधारावर आपण बाण चिकटवले! बाळाला घेऊन ती गॅलरीत गेली.

"वन्सं, मला का नाही सांगितलंत?"

सुनंदाने चिमटा दोरीला लावला तो हुकला.

"काय सांगायचं होतं? आंधळ्या बाईच्या हातात लेक दिली असतीस का तू?"

हेमांगीने बाळ सुनंदाच्या हातांत ठेवले आणि ती तिथेच फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडली.

संध्याकाळी तिने बारसे पुढे ढकलल्याचे जाहीर केले. आमंत्रणे गेली आहेत, लोक काय म्हणतील, म्हणून जितेंद्र कुरकुरला.

"नाव आत्यानं ठेवायचं असतं. आत्याचे डोळे आधी," हेमांगी म्हणाली, "आणि तुम्ही हसलात ना, ते आधी ताईंसमोर कबूल करा."

जितेंद्रला वर पाहवेना. दुसऱ्याच दिवशी तो बहिणीला हाताला धरून रुग्णालयात घेऊन गेला. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात उरलेली दृष्टी वाचवली. डाव्यातली मात्र त्या चार महिन्यांत गेली होती… कायमची!

घरी परतल्यावर सुनंदाने प्रथम गोधडी मागितली. हेमांगीने सारे बाण काढून टाकले होते. अशीच अंथरू या, एकही टाका बदलायचा नाही, असे तिने गहिवरून सांगितले. सुनंदा एकदम चिडली.

"वाकड्याला वाकडंच म्हण. तुझी दया नको मला. माझ्या हाताची गोधडी अशी पाळण्यात जाणार नाही."

"मग मी घालते टाके. तुम्ही सांगा."

सुनंदाने गोधडीची कड हेमांगीच्या मांडीवर ओढून दिली. यंत्रावरचे हजारो टाके तपासलेल्या त्या मुलीने आयुष्यात प्रथमच हाती गोधडीची सुई घेतली. अर्ध्या तासात वीतभर ओळ झाली. सुनंदाने डोळे मिटून त्या ओळीवरून बोट फिरवले… आणि ते थांबले.

"हा लांब पडला. पुन्हा."

बारशाची तारीख अजून ठरायची होती. हेमांगीने पदराने डोळे पुसले आणि टाका उसवला.